गवंड्यांच्या गावातलं घर

पहिल्या दिवशी तो म्हातारा गवंडी आला तेव्हा त्याने ना टेप काढला ना कागद. सरळ स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीशी गेला आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात भिंतीला लावून उभा राहिला. मग खिशातून सुतळीला बांधलेला पितळी ओळंबा काढला आणि वरच्या तुळईपासून खाली सोडला. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत कोणीच बोललं नाही. मग म्हणाला, "भिंतीला पोट आलंय." फ्रेंचमध्ये शब्द अगदी हाच आहे, पोट. मला एकदम आमचे संगमेश्वराकडचे आजोबा आठवले, पावसाळा संपला की गोठ्याच्या भिंतीकडे बघून याच शब्दांत हेच बोलायचे.

घर क्रोझमध्ये आहे. क्रोझ म्हणजे फ्रान्सच्या साधारण मध्यावरचा एक जिल्हा, टेकड्या, चेस्टनटची झाडं, तांबूस गाई, आणि जिकडे बघाल तिकडे करडा ग्रॅनाइट. टूरिस्ट लोक इकडे फारसे येत नाहीत. १८५१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात २ लाख ८७ हजार माणसं होती, आज सव्वा लाखसुद्धा नाहीत, त्यामुळे गावातून चालताना दर तिसऱ्या-चौथ्या घराच्या लाकडी झडपा बंद दिसतात आणि बंद झडपा बघितल्या की माझ्या पोटात जे होतं ते कोकणातल्या कुठल्याही माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

हे माझ्या नवऱ्याच्या आजीचं घर. आजी गेल्यावर अकरा वर्षं कुलूप होतं. भांडण नव्हतं कुणाचं, फक्त वारस सात होते. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळतो, थोरला-धाकटा नाही, मुलगा-मुलगी नाही, ही चांगलीच गोष्ट आहे, पण दोन पिढ्यांत एका चुलीला सात मालक होतात. याला तिकडे अँदिव्हिझियाँ म्हणतात, म्हणजे न वाटलेली मालकी. कायद्यात असंही स्पष्ट लिहिलंय की अशा सामाईक मालकीत राहायची सक्ती कुणावरही करता येणार नाही. पण सक्ती नाही म्हणून कोणी बाहेर पडतंच असं नाही ना! एक चुलतबहीण कॅनडात, एकजण फोन उचलत नाही, एकाला आजीच्या आठवणीपायी विकवत नाही आणि दुरुस्तही करवत नाही. पहिल्यांदा नोतेरच्या, म्हणजे मालमत्तेची कागदपत्रं करणाऱ्या वकिलाच्या, ऑफिसात बसून ती नावांची यादी ऐकली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, अरे हा तर आमचा सातबारा आहे. आमच्या गावच्या घराच्या उताऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातली पाच हयात नाहीत. शेवटी सगळ्यांच्या सह्या व्हायला आम्हाला अडीच वर्षं लागली आणि त्या अडीच वर्षांत पडवीसारखी जी मागची बाजू होती तिचं छप्पर खाली आलं.

घर म्हणजे काय तर एकाच लांब छपराखाली अर्धं घर आणि अर्धा गोठा. खाली एक मोठी खोली, तिथेच चूल, तिथेच जेवण, तिथेच झोप. वर धान्याचा माळा. चुलीला कांतू म्हणतात, म्हणजे इतकी मोठी आणि खोल की आत दोन्ही बाजूंना बाक टाकून माणसं बसायची. दरवाज्यावर अखंड ग्रॅनाइटचं लिंटेल आणि त्यावर कोरलेलं साल, १८४१. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भिंतीतली मोरी. छोट्या खिडकीखाली भिंतीच्या जाडीतच एक सलग दगड बसवलाय, मधे घासून घासून गुळगुळीत झालेला उथळ खड्डा, आणि त्याला एक पन्हळ जी भिंतीतून आरपार बाहेर जाते. भांडी घासायची, पाणी सोडलं की बाहेर अंगणात. त्या दगडाच्या पुढच्या कडेला दोन जागी खोलगट झिज आहे. बाई उभी राहून जिथे दोन्ही हात टेकणार, बरोब्बर तिथे. मी माझे हात ठेवून बघितले, बसले.

आता १८४१ साली इतक्या गरीब मुलखात एवढं घोटीव लिंटेल, इतके नीट कोन साधलेले कोपऱ्याचे दगड कुणी घडवले, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता. उत्तर गावात सगळ्यांनाच माहीत आहे. क्रोझ हा गवंड्यांचा मुलूख. जमीन हलकी, थंडी भरपूर, शेतीत भागत नाही, म्हणून शेकडो वर्षं इथले पुरुष वसंत ऋतू लागला की मार्चमध्ये टोळ्याटोळ्यांनी पॅरिसला, लियाँला चालत जायचे, बांधकामावर राबायचे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात परत यायचे. पॅरिसचा प्रशासक ओस्मान याने १८५३ नंतर पॅरिस फोडून ते आज आपण फोटोत बघतो तसं रुंद रस्त्यांचं शहर केलं, त्यात या लोकांचे हात किती लागले असतील! पॅरिसच्या त्या दगडी इमारतींसमोर लोक सेल्फी घेतात तेव्हा मला हल्ली पहिली आठवण या बंद झडपांची येते.

यांच्यातला एक माणूस फार मोठा झाला, मार्तँ नादो. १८१५ चा जन्म, ला मार्तिनेश नावाच्या वाडीतला, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्याचं घर आता म्युझियम आहे. १८३० साली चौदा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पॅरिसला निघाला. दिवसा परांचीवर काम, संध्याकाळी स्वतः शिकणं आणि दुसऱ्या गवंड्यांना शिकवणं, १८४९ मध्ये थेट संसदेत निवडून गेला, १८५१ च्या सत्तापालटानंतर हद्दपार झाला, इंग्लंडात जाऊन पुन्हा गवंडीकाम केलं, नंतर तिथे फ्रेंच शिकवलं, १८७० मध्ये परत आला. कामावर अपघात झाला तर मालक जबाबदार, असा कायदा व्हावा म्हणून हा माणूस कितीतरी वर्षं भांडला, आणि तो कायदा १८९८ च्या एप्रिलमध्ये झाला, त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात, १८९५ च्या. त्यात पॅरिसमधल्या त्या भाड्याच्या खोल्या येतात, एकाच गावच्या माणसांनी भरलेल्या, एका बिछान्यावर दोघं-दोघं. ते वाचताना मला आजोबांच्या लालबागच्या खोलीखेरीज दुसरं काही दिसेना. तीही गावाचीच खोली होती, वीस-पंचवीस चाकरमानी, ट्रंका भिंतीला लावून रांगेत, पाळ्यांप्रमाणे झोपायचं, खाणावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर, आणि गणपती-शिमग्याला घर.

पॅरिसच्या नगरपालिकेसमोरच्या चौकाला आधी प्लास द ग्रेव्ह म्हणायचे. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू-खडी. तिथे हे गवंडी पहाटे उभे राहायचे, मुकादम यायचा, माणसं निवडून न्यायचा. आपल्याकडे अजून मजूर नाक्यावर उभे राहतात तसंच. काम नसलं, किंवा त्या मजुरीला काम करायचं नसलं, की चौकातच थांबायचं. आणि म्हणून फ्रेंचमध्ये संपाला आजपर्यंत ग्रेव्ह म्हणतात. हे मला इथे आल्यावर आठव्या वर्षी कळलं. त्याआधी मी तो शब्द रेल्वे स्टेशनवर शंभर वेळा वाचला असेल, ट्रेन कॅन्सल, कारण ग्रेव्ह. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं, त्यात आमचे आजोबा एक. तो संप कधी संपला असं कुणी सांगतच नाही, आजोबा फक्त ट्रंक घेऊन गावी परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. त्यानंतरच ते गोठ्याच्या भिंती बघायला लागले.

पण हे सगळं पुरुषांचं झालं. घर उघडल्यावर मला हळूहळू जे उमगत गेलं ते वेगळंच होतं. इथल्या जिल्हा अभिलेखागाराने जन्म-लग्न-मृत्यूची जुनी रजिस्टरं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, जमिनीचे नेपोलियनच्या १८०७ च्या कायद्याने केलेले मोजणीचे नकाशेही. मी दोन हिवाळे रात्री बसून ते वाचले. शाई फिकट, अक्षर वळणदार, डोळे दुखायचे, पण सोडवत नव्हतं. लग्नं बघितली तर जानेवारी-फेब्रुवारीत, कारण नवरे तेव्हाच गावात असायचे. नवऱ्याचा व्यवसाय, गवंडी. सासऱ्याचा, गवंडी. भावाचा, गवंडी. आणि खाली सह्या. पुरुषांच्या थोड्या वाकड्या पण ठाम सह्या, आणि नवरीच्या नावापुढे कारकुनाने लिहिलेलं, सही करता येत नाही असं सांगितलं. ओळीने चार पिढ्या. म्हणजे ज्या बायकांनी वर्षातले आठ-नऊ महिने हे घर, गाई, राय नावाच्या धान्याची शेती, म्हातारी माणसं, पोरं सगळं एकट्याने ओढलं त्यांच्याकडून कागदावर एक रेघसुद्धा उरलेली नाही. उरलीय ती मोरीच्या दगडावरची दोन हातांची झीज. आजीला विचारावं म्हटलं तर आमची आजीही गेलेली. तिचाही अंगठाच होता.

तर ते पोट आलेल्या भिंतीचं. बांधणारे इतके हुशार गवंडी होते तर भिंत का फुगली? म्हाताऱ्याने हातोडीने एका कोपऱ्यातला सिमेंटचा गिलावा ठोकला, पोकळ आवाज आला, ताटाएवढी खपली खाली पडली आणि मागची भिंत अक्षरशः ओली होती. चिखल. १९७० च्या दशकात कुणीतरी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता, चांगल्या मनानेच मारला असणार, सिमेंट म्हणजे तेव्हा प्रगती होती, आमच्याकडेही मातीच्या भिंतींवर लोकांनी हौसेने सिमेंट थापलंच की.

म्हाताऱ्याने मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. क्रोझमध्ये ग्रॅनाइट आहे, चुनखडी नाही, त्यामुळे चुना बाहेरून आणावा लागायचा, महाग पडायचा, म्हणून गरिबाच्या घराची भिंत मातीतच रचलेली. साठ-सत्तर सेंटीमीटर जाड, बाहेरून एक थर दगड, आतून एक थर दगड, मधे बारीक दगड आणि माती, आणि ठरावीक अंतरावर एखादा लांब दगड आरपार घालून दोन्ही थर एकमेकांना बांधलेले. अशा भिंतीला पाया म्हणून काही फारसं नसतं, जमिनीतली ओल वर चढतेच, ती कुणी थांबवलेली नाही, फक्त ती दगडांच्या दरजांमधून वाऱ्याला लागून उडून जायची. ओल येते आणि जाते. सिमेंटने जायचा रस्ता बंद केला. मग पाणी वर चढत राहिलं, मधली माती मऊ होऊन खाली बसली, दोन थरांमधली पकड सुटली, बाहेरचा थर फुगला, आणि तुळयांची जी टोकं भिंतीत रुतलेली असतात ती आतल्या आत कुजली. वरून बघाल तर ओकची तुळई दणकट, आणि टोकाला बोट घातलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी.

म्हणून पहिलं अख्खं वर्ष आम्ही काहीच बांधलं नाही, फक्त काढलं. सिमेंट काढलं, जमिनीवरचं लिनोलियम काढलं, चुलीसमोरची प्लायवूडची भिंत काढली, खोट्या छताचे पत्रे काढले. लोक विचारायचे, काय, झालं का घर? आणि दाखवायला फक्त डेब्रिजचा ढीग. मला वाटतं जुनं घर दुरुस्त करणं म्हणजे बरंचसं हेच असतं, आधीच्या दुरुस्त्या उतरवणं, आणि ते करताना रागवायचं नाही हे शिकणं. एकोणिसाव्या शतकातला फ्रान्समधला सगळ्यात नावाजलेला जीर्णोद्धारकार व्हियोले-ल-द्युक, ज्याने पॅरिसच्या नोत्र-दामचं काम केलं, तो म्हणायचा की वास्तू अशा पूर्ण रूपात आणायची जे कदाचित कधीच कुठल्याही काळात नव्हतं. कॅथेड्रलचं मला कळत नाही, पण या घराच्या बाबतीत मला ते पटत नाही. या घराला पूर्ण कुणी करू नये. त्यात राहता यावं एवढंच.

पहिला चुना आम्ही स्वतः मारला आणि चुकलो. ऑगस्टचा सुट्टीचा महिना, ऊन, कोरडा वारा, आणि आम्हाला घाई. एक घमेलं चुना, तीन घमेली वाळू, प्रमाण बरोबर होतं, पण भिंत आधी नीट भिजवली नाही आणि नंतर झाकलीही नाही. चुना पाणी सोडून वाळला, तसं वाळून चालत नाही, त्याला सावकाश हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन परत दगड व्हायचं असतं. चुनखडी भाजली की चुना, पाण्यात विरवला की लोणी, आणि भिंतीवर महिनोन्महिने हवा खात पुन्हा चुनखडी, असा तो फेरा आहे, त्याला मधे घाई केली की नुसती पावडर उरते. आठवड्याने हात फिरवला तर सगळं भुरभुरून खाली. बारा चौरस मीटर काम खरवडून काढलं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, चुन्याच्या भिंतीला आठवडाभर पाणी मारायचं असतं, तुझी पणजी गोणपाट भिजवून लावायची, एवढं विचारायचंस तरी." विचारलं नव्हतं खरं. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना असायचा, हे फ्रान्समधल्या कामात आईला विचारण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या वर्षी गोणपाटं मिळवली, बटाट्याची जुनी पोती, शेजारच्या मादामच्या गोठ्यातून.

आतल्या बाजूला थंडीसाठी म्हाताऱ्याने चुन्यात हेंपचा भुसा घालायला सांगितला, म्हणजे भांगेच्याच जातीच्या झाडाचा दांडा कुटून केलेला भुसा. पूर्वी इथे प्रत्येक घराचा हेंपचा तुकडा असायचा, दोरखंड आणि कापडासाठी. मी त्याला सांगितलं की आमच्या महाराष्ट्रात वेरूळ म्हणून लेणी आहेत, तिथल्या जुन्या मातीच्या गिलाव्यात याच झाडाचे तुकडे सापडल्याचं २०१६ साली आमच्याकडच्या अभ्यासकांनी दाखवलंय. त्याने थापी खाली ठेवली. किती जुनं, म्हणाला. साधारण दीड हजार वर्षं. मग बराच वेळ काही न बोलता काम करत राहिला आणि दुपारी जेवताना बायकोला फोन करून ते सांगितलं, त्यातला "दीड हजार" हा आकडा त्याने दोनदा सांगितला.

खिडकी तिसऱ्या वर्षी सापडली. पूर्वेच्या भिंतीवरचं सिमेंट काढताना दगडांची रचना एका चौकोनात वेगळी दिसली, आजूबाजूचे दगड निवडून बसवलेले आणि मधले कसेही कोंबलेले. बुजवलेली खिडकी. फ्रान्समध्ये १७९८ पासून १९२६ पर्यंत दारं-खिडक्यांवर कर होता, घराला बाहेर उघडणारी जितकी भोकं तितका कर, त्यापायी लोकांनी खिडक्या बुजवल्या, नव्या घरांना कमी ठेवल्या. ही त्या करापायीच बुजली की थंडीपायी हे दगड काही बोलत नाहीत, पण जागा बघा, मोरीच्या शेजारी, चुलीच्या बरोबर समोर. ज्या बाईचे हात त्या दगडावर झिजले तिने कितीतरी वर्षं बाजूला अंधार घेऊन काम केलं. गावचं चर्च संरक्षित यादीत आहे आणि आमचं घर त्याच्यापासून ५०० मीटरच्या आत, म्हणून खिडकी उघडायलाही सरकारी वास्तुतज्ज्ञाची परवानगी लागली, पाच महिने गेले, नकाशे दोनदा परत आले, मी वैतागले पण मनातून मला ते आवडतंही होतं की एका फूटभर खिडकीचा कुणीतरी इतका विचार करतंय.

उघडली त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला उजेड आत आला आणि तिरका जाऊन मोरीच्या दगडावर पडला. नवरा नुसता बघत उभा. त्याची आजी याच घरात वाढली, तिलाही इथे उजेड कधी दिसला नसेल.

गावाच्या चौकात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, जवळजवळ सगळ्या फ्रेंच गावांत असतं तसं. आमच्या स्मारकावर एकाच आडनावाची तीन नावं, तिघं भाऊ, तिघं गवंडी, याच घरातले. त्यांची आई १९३१ पर्यंत होती, रजिस्टरात आहे. जवळच जाँतियू गावात १९२२ चं स्मारक आहे, त्यावर सैनिक नाही, विजयाची देवी नाही, एक अनाथ शाळकरी पोरगा आहे, पायात लाकडी खडावा, एका हातात टोपी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, आणि स्मारकावर लिहिलंय, युद्धाला शाप असो. मी तिथे गेले तेव्हा पाऊस पडत होता. आमच्या घरातल्या त्या आईच्या मनात काय होतं ते लिहून ठेवणारं कोणी नव्हतं, पण बहुतेक तेच असेल.

या वर्षी तुळयांची टोकं झाली. पूर्ण तुळई न बदलता कुजलेला तेवढा भाग कापून नवा ओक तिरका सांधा करून जोडला, लाकडी खुंट्या ठोकून. सुताराने जुन्या लाकडाला नवं लाकूड लावताना रंग मुद्दाम मिळवला नाही. पुढच्याला कळू दे, म्हणाला, आपण कुठे हात घातला ते. उत्तरेची भिंतही उतरवून पुन्हा रचली, मातीतच, प्रत्येक दगडावर खडूने नंबर घालून, आणि म्हाताऱ्याने ओळंबा सोडून दाखवला. मी विचारलं, आता किती वर्षं टिकेल, तर खांदे उडवून म्हणाला, कोणी सिमेंट लावलं नाही तर बरीच.

ऑगस्ट संपत आला. गोणपाटं भिजवून खिडकीखालच्या नव्या चुन्यावर टांगली, आम्ही लियाँला निघणार म्हणून रोज पाणी मारायचं काम शेजारच्या मादामनी आपणहून घेतलं. वय वर्षं ८६, नवऱ्याच्या आजीच्या मैत्रीण. किल्ली त्यांच्याकडेच असते, दाराआडच्या खिळ्याला, आमच्या गावची किल्ली वहिनींकडे असते तशी. गाडीत सामान भरून झालं तेव्हा त्या फाटकाशी आल्या. "तूसाँला येणार ना तुम्ही?" तूसाँ म्हणजे १ नोव्हेंबर, सगळं फ्रान्स त्या दिवसांत आपापल्या गावच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला परततं. आजी गेल्यापासून तिच्या कबरीवरची शेवंती याच ठेवत होत्या.

"येऊ," मी म्हटलं, "कुंडी आम्ही आणू, मादाम. तुम्ही फक्त पाणी मारा."

"सकाळ-संध्याकाळ," त्या म्हणाल्या आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.